शेअर्ड स्टोरेजवर फेलओव्हर होताना फाइल सिस्टीम खराब होते, काय करावं?

तुमच्याकडे दोन लिनक्स सर्व्हर, दोघांना जोडलेलं एकच सॅन (नेटवर्कवरून वापरायचं सामायिक स्टोरेज) आणि त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम. फेलओव्हरनंतर, म्हणजे एका सर्व्हरचं काम दुसऱ्यानं उचलल्यावर, फाइल सिस्टीम दोनदा बिघडली, म्हणून हार्टबीटचा (सर्व्हर एकमेकांना सतत पाठवतात त्या 'मी चालू आहे' संदेशांचा) टाइमआउट वाढवू का, असं तुम्ही विचारताय.

त्यानं भागणार नाही भाऊ. विनाकारण होणारे फेलओव्हर कमी होतील, पण जो होईल तो तितकाच धोक्याचा राहील. समोरचा सर्व्हर बोलत नाही, एवढ्यावरून तो बंद पडला असं तुमचं क्लस्टर (दोन सर्व्हरची ही जोडी) धरून चालतंय. खरा घोळ तिथंच आहे.

हा फटका मी खाल्लाय. इथे नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर मी बघायचो. मे महिन्यातल्या दुपारी लाइट गेली. सर्व्हर आणि सॅन यूपीएसवर होते, ते चालू राहिले. हार्टबीटचा छोटा स्विच मात्र कुणीतरी भिंतीवरच्या साध्या सॉकेटला लावला होता. दुसऱ्या सर्व्हरला वाटलं पहिला गेला. त्यानं सॅनवरची डिस्क माउंट केली, म्हणजे वापरायला घेतली. पहिल्यानं ती सोडलीच नव्हती. रात्रभर एफएससीके (फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी कमांड) चालवली, शेवटी आदल्या रात्रीचा बॅकअप चढवावा लागला. दिवसभराचं डिस्पॅच लोकांनी कागदी चलानांवरून पुन्हा भरलं. त्यांचे चेहरे अजून आठवतात.

ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टीम असं समजतात की डिस्कचा मालक एकच. कोणता ब्लॉक रिकामा, कोणता भरलेला, हा हिशेब प्रत्येक सर्व्हर आपल्या मेमरीत ठेवतो. दुसरा माउंट करतो तेव्हा जर्नल (बदलांची नोंदवही) रिप्ले करतो, पण पहिला त्याच जर्नलमध्ये अजून लिहीत असतो. मग एकच ब्लॉक दोघंही आपापल्या फाइलला देतात. काही सेकंद पुरतात.

यावर उपाय फेन्सिंग. डिस्क हातात घेण्याआधी समोरच्याचा हात कापायचा, आणि तो कापला गेल्याची पावती येईपर्यंत माउंट करायचं नाही. पेसमेकर या क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याला स्टोनिथ म्हणतात. बरेच जण सेटअप लवकर उभा राहावा म्हणून 'स्टोनिथ-एनेबल्ड' फॉल्स करतात. तुमच्याकडे तसं असेल तर आधी ते बदला.

आयपीएमआयनं (सर्व्हर दुरून चालू-बंद करायची सोय) समोरच्याची पॉवर बंद करणं सोपं. पण त्या सर्व्हरची वीजच गेली तर त्याचा बीएमसीही (ही सोय देणारी सर्व्हरमधली चिप) गप्प होतो, पावती येत नाही आणि क्लस्टर अडून बसतं. ते अडणं बरोबरच आहे, डेटा वाचतो. तरी दुसरी पातळी हवी. मला त्यासाठी स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन आवडतं: प्रत्येक सर्व्हर स्टोरेजकडे आपली 'की' (ओळखीची किल्ली) नोंदवतो, जिवंत राहिलेला दुसऱ्याची 'की' काढून टाकतो, आणि मग स्टोरेजच त्याचं लिखाण नाकारतं. गोठलेला सर्व्हर दोन मिनिटांनी जागा होऊन जुना डेटा लिहू लागला तरी दार बंद. तुमचं सॅन हे देतं का, तेवढं आधी तपासा.

दोनच नोड (सर्व्हर) असल्यानं हार्टबीट तुटताच दोघं एकमेकांना एकदमच मारू शकतात. एकाच्या फेन्सिंगला थोडा डिले द्या, आणि जमलं तर कोरमसाठी, म्हणजे बहुमत ठरवायला, तिसरं छोटं मशीन ठेवा. हार्टबीटच्या दोन वेगळ्या वाटा हव्यात, दोन्ही यूपीएसवर. ईएक्सटी४चं एमएमपीही (दुहेरी माउंटपासून संरक्षण) चालू करा. डिस्क दुसरीकडे वापरात दिसली तर ते माउंट अडवतं. पण गोठून जागा झालेल्याला ते वेळेत थोपवेलच असं नाही, म्हणून ते फेन्सिंगच्या जागी चालत नाही. दोन्ही सर्व्हरवरून एकाच वेळी लिहायचंच असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ अशी क्लस्टर फाइल सिस्टीम लागेल, आणि फेन्सिंग तिथंही सुटत नाही.

चाचणी सर्व्हर रीतसर रीबूट करून घेऊ नका. एकदा हार्टबीटची केबल उपटा, एकदा चालू सर्व्हरच्या सगळ्या पॉवर कॉर्ड काढा. अर्थात टेस्ट डेटावर.

आणि आज घरी जायच्या आधी दोन्ही सर्व्हरची एफएसटॅब (सुरू होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या त्याची फाइल) उघडून बघा. ती डिस्क तिथं ऑटो-माउंटला असेल तर फेन्स झालेला सर्व्हर पुन्हा उठताच क्लस्टरला न विचारता ती माउंट करेल. ती ओळ काढून टाका.