शहाद्याच्या ट्रस्टने अँब्युलन्ससाठी पेशंट रेकॉर्डचं सॉफ्टवेअर घ्यावं का?

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ट्रस्टकडे तीन गाड्या, दोन बीएलएस (प्राथमिक जीवरक्षक सोयीच्या) आणि एक एएलएस (डॉक्टर आणि प्रगत उपचारांची सोय असलेली). केस शीट अजून कार्बन लावून कागदावर लिहिली जाते. आता दोन कंपन्या मागे लागल्यात. एक अमेरिकी धर्तीचं तयार सॉफ्टवेअर दाखवते, दुसरी म्हणते, 'तुम्ही सांगाल तसं ॲप बनवून देतो.' मी याच भागात आधी अँब्युलन्सवर डॉक्टर होतो, नंतर गाड्यांचं कामकाज पाहिलं. म्हणून जरा लांबच लिहितो.

कंपनी नंतर निवडा. आधी ही नोंद कोण वाचणार ते ठरवा. विश्वस्तांना महिन्याचा रिपोर्ट लागतो हे खरं, पण तिची खरी घाई असते कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला. समजा धडगावकडून फवारणीच्या औषधाची विषबाधा घेऊन तुमची एएलएस चांदसैली घाट उतरतेय. डॉक्टरने वाटेतच ॲट्रोपिन (या विषावरचं इंजेक्शन) सुरू केलंय आणि दर पाच मिनिटांनी डोस वाढवत चाललाय. नंदुरबारला पोचल्यावर समोरचा डॉक्टर विचारणार: एकूण किती गेलं, शेवटचा डोस किती वाजता, छातीतली घरघर कधी कमी झाली? पुढचं औषध त्याच्यावर ठरतं. ॲपमध्ये औषधाचं नाव आणि 'डोस' असा एकच रकाना असेल तर ते इथे कुचकामी. प्रत्येक डोसची ओळ वेगळी हवी आणि बटण दाबताच वेळ आपोआप पडायला हवी.

सर्पदंशाचंही तसंच. चावल्याची वेळ, घरच्यांनी वर पट्टी आवळली होती का, ती कोणी आणि कधी सोडली, हिरड्यांतून रक्त येतंय का, पापण्या जड झाल्यात का. आपल्याकडे शेतात रात्री मोटार चालू करायला गेलेला माणूस हा नेहमीचा पेशंट. परदेशी ॲपमध्ये त्याच्यासाठी कदाचित 'प्राणीदंश' एवढाच पर्याय सापडेल.

आता कॅज्युअल्टीतला हा डॉक्टर तुमच्या पोर्टलवर लॉगिन करून ही नोंद बघेल का? कधीच नाही. त्यातून तुमचे पेशंट नंदुरबार, धुळे आणि बऱ्याचदा थेट सुरतला जातात. एवढी हॉस्पिटलं तुमच्या सॉफ्टवेअरला जोडली जाणार नाहीत. म्हणून माझी पहिली अट अशी, की गाडी पोर्चमध्ये लागते तेव्हा एका पानाचा सारांश हातात असला पाहिजे. ब्लूटूथचा थर्मल प्रिंटर चालतो, फक्त तो कागद उन्हात आणि गाडीत फिका पडतो. हॉस्पिटलच्या फाइलसाठी त्याची लगेच झेरॉक्स काढायला सांगा. व्हॉट्सॲपवर पेशंटचे फोटो आणि कागद फिरवणं मात्र बंद करा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि तो नसता तरी हे बरं नव्हतं.

दुसरी गोष्ट सक्तीच्या रकान्यांची. विक्रेता अभिमानाने सांगेल, 'आमच्याकडे बीपी भरल्याशिवाय फॉर्म बंदच होत नाही.' हे ऐकलं की सावध व्हा. खड्ड्यांच्या रस्त्यावर, नातेवाईक रडत असताना ईएमटीला (गाडीवरच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याला) बीपी मिळालं नाही तर तो १२०/८० टाकून मोकळा होतो. कागदावर निदान जागा रिकामी दिसायची, इथे खोटा आकडा खरा म्हणून बसतो. अमेरिकेत अँब्युलन्सच्या नोंदींचं 'नेमसिस' नावाचं राष्ट्रीय मानक आहे. त्यात 'घेता आलं नाही', 'पेशंटने नकार दिला' अशा उत्तरांची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. त्यांच्याकडून घ्यायची असेल तर ही गोष्ट घ्या. जीसीएस (पेशंट किती शुद्धीत आहे त्याचे गुण) मागताना डोळे, बोलणं, हालचाल असे तिन्ही आकडे वेगळे मागावेत. श्वासासाठी घशात नळी घातलेल्या पेशंटच्या बोलण्यापुढे 'तपासता येत नाही' लिहिता यावं.

तयार अमेरिकी सॉफ्टवेअरं वाईट नाहीत, पण ती तिथल्या बिलिंगभोवती उभी आहेत. पेशंटला अँब्युलन्सचीच गरज का होती हे विमा देणाऱ्याला पटवण्यासाठी तिथे कितीतरी भरावं लागतं. त्या रकान्यांचे पैसे तुम्ही कशाला मोजायचे? उलट आपली गरज त्यांना सुचणारच नाही. १०८ चा कॉल पुण्याच्या कंट्रोल रूममध्ये नोंदला जातो, त्यामुळे कॉलची वेळ आपोआप मिळते. तुमच्याकडे कॉल येतो ड्रायव्हरच्या मोबाईलवर, नाहीतर ओळखीच्या सरपंचाकडून. म्हणजे पहिली वेळ कोणीतरी हातानेच टाकणार. ती हाताने टाकलेली आहे हे नोंदीत दिसलं पाहिजे. बाकी निघालो, पोचलो, पेशंटजवळ गेलो, परत निघालो, हॉस्पिटलला सोपवलं, यांना मोठी बटणं पुरे. टायपिंग नको.

नेटवर्कचं तुम्हाला मी काय सांगू. तोरणमाळ, मोलगीकडे गेलेला माणूस स्वतःच सांगेल. ॲप ऑफलाइन चालतं असं सगळेच म्हणतात. विचारायचं ते पुढचं: नोंदीचा क्रमांक टॅबवरच तयार होतो की सर्व्हरवर? सर्व्हरवर होत असेल तर रेंज आल्यावर एकाच पेशंटच्या दोन नोंदी झालेल्या सापडतील. आणि अर्धी नोंद असताना टॅब बंद पडला तर काय उरतं? मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवलेला टॅब तापून बंद पडतोच. तो मागे, पेशंटच्या बाजूला सावलीत बसवा. कागदी पॅड गाडीतून काढू नका.

'एबीडीएमला जोडलेलं', म्हणजे केंद्राच्या डिजिटल आरोग्य मिशनला जोडलेलं, हा शब्द जाहिरातीत असेलच. कोणता टप्पा पूर्ण केलाय ते विचारा. पहिल्या टप्प्यात फक्त आभा क्रमांक (पेशंटचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) काढणं-पडताळणं येतं, नोंदी देणं दुसऱ्यात, बाहेरच्या नोंदी बघणं तिसऱ्यात. आणि १४ अंकी आभा क्रमांक सक्तीचा मुळीच नको. बेशुद्ध पेशंट तो कुठून देणार? नंतर जोडता आला की झालं.

महामार्गावरच्या अपघाताच्या केसेस कोर्टात जातात. दुरुस्ती केली तर जुनी नोंद, कोणी बदलली आणि कधी, हे राहिलंच पाहिजे. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते कोण काढून देणार हे करारात लिहून घ्या.

माझं मत विचाराल तर आत्ता दोन्ही कंपन्यांना थांबवा. ओडीके किंवा कोबो टूलबॉक्सवर (मोबाईलवर माहिती भरायचे फॉर्म बनवायची तयार साधनं) फॉर्म बनवा, तो ऑफलाइन भरता येतो. आधी एकाच बीएलएसवर चालवा. कोणते रकाने गाडीवरची मुलं भरतात आणि कोणते टाळतात ते कळेल, तेच कागदावर उतरवून पुढे कंपनीसमोर ठेवा. ओडीके हे पूर्ण सॉफ्टवेअर नाही, मॉनिटरचा ईसीजी त्यात आपोआप येणार नाही, ईसीजीच्या पट्टीचा फोटोच जोडावा लागेल. पण तीन गाड्यांना तेवढं पुष्कळ आहे. पुढे कंपनी निवडताना डेमो ऑफिसात घेऊ नका, विक्रेत्याला गाडीत बसवून धडगावला न्या आणि येताना त्याच्याकडूनच नोंद भरून घ्या. करार संपल्यावर सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल असंही लिहून घ्या, तोंडी नको.