ओटा रिकामा राहत नाही म्हणून रडू येतं, माझंच काही चुकतंय का?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणी विचारतात की शेवटी एक केस लिहूनच टाकते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

जळगावात पिंप्राळ्याकडे वन बीएचके. नवरा, शाळेतली दोन मुलं आणि सासूबाई, ज्या सासरे गेल्यावर अमळनेरकडचं गावचं घर बंद करून इकडे आल्या आणि येताना गव्हाची कोठी, पापडाचे पत्र्याचे डबे, पुरणपोळीचं मातीचं खापर, पाटा सगळं घेऊन आल्या. किचन एवढंसं की एकीने फ्रिज उघडला तर दुसरीने बाहेर व्हायचं. ही सून रात्री मोबाईलवर किचन आवरायचे रील बघायची, एकसारख्या पारदर्शक बरण्यांचा सेट मागवला, लेबलं लावली, आणि चार दिवसांत परत तेच, ओट्यावर पिठाचा डबा, टिफिन, तेलाची बाटली, वर सासूबाई प्रत्येक वस्तू जुन्या जागी नेऊन ठेवणार, "हाऊ डबा आठेच ऱ्हाई" (हा डबा इथेच राहील) म्हणून. माझ्यासमोर बसून म्हणाली, मॅडम मला साधं किचन सांभाळता येत नाही.

मी तिला आधी आवरणंच बंद करायला सांगितलं. आठवडाभर फक्त बघ, सकाळच्या घाईत हात कुठे कुठे जातो. तर चहा-साखर वरच्या कप्प्यात, स्टुलावर चढून काढायची, मुलांचे डबे बाल्कनीतल्या टबात, आणि ओट्याखालची हाताशी असलेली सगळी जागा कोठीने आणि पापडांनी अडवलेली. कोठी उघडते महिन्यातून एकदा, दळणाला! आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं भरतात, गहू, दादर ज्वारी, डाळी, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया. गावच्या मोठ्या घरात ते मावतं, फ्लॅटच्या किचनात कसं मावणार? यात तिचा आळस कुठे आला, आणि बरण्या काय करणार होत्या? (त्या रीलमधल्या किचनात दहा माणसांची वरणबट्टी कुणी केलेली मला तरी दिसलेली नाही.)

मग सासूबाईंना बोलावलं. बराच वेळ गप्प होत्या, नंतर म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात, माळ्यावर टाकलं तर लागेल तेव्हा काढून कोण देईल, दरवेळी हिला विचारू का? सुनेला वाटत होतं त्या मुद्दाम करतात. गुडघ्यांचं त्यांनी घरी कधी बोलूनच दाखवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

तिथून पुढचं सोपं होतं. कोठी बेडरूमच्या कोरड्या कोपऱ्यात, पापडाचे डबे दिवाणात. कमरेच्या उंचीचा एक कप्पा पूर्ण सासूबाईंचा, कळण्याचं पीठ, काळा मसाला, खलबत्ता, त्याला कुणी हात लावायचा नाही, लेबल तर नाहीच नाही. रोजचं सगळं कमरेपासून खांद्यापर्यंत, जड खाली, हलकं वर, आणि मसाले गॅसच्या बरोबर वर नकोत, वाफेने गोळे होतात.

आता रडू येण्याबद्दल. चिडचिड, एखाद दिवशी रडू येणं, हे बहुतेकींना होतं. पण दोन आठवड्यांच्या वर मन उदासच आहे, झोप-भूक बिघडली, कशातच रस वाटत नाही, तर तो विषय किचनचा नाही, डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

या घरात आता भांडण होत नाही असं अजिबात नाही. खापरावर एकमत झालंच नाही, ते सध्या फ्रिजवर आहे, आणि कानबाईच्या सणाला पाहुणे आले तेव्हा ओट्यावर ताटलीला जागा नव्हती असं हिनेच हसत सांगितलं. नवऱ्याने मध्यंतरी ट्रॉल्यांचं कोटेशन आणलं होतं, दोघींनी मिळून त्याला नको म्हणून सांगितलं.