‘सर्व्हिस टाइम’ला मराठीत काय म्हणावे?

सिअ‍ॅटलमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. तिथल्या बेसबॉलच्या बातम्यांत ‘सर्व्हिस टाइम मॅनिप्युलेशन’ हा शब्दप्रयोग सारखा येतो. गावाकडे वडिलांशी फोनवर बोलताना त्यांनी त्याचे मराठी ‘सेवाकाळात फेरफार’ असे केले. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच विचारले, “म्हणजे सेवापुस्तकात खाडाखोड केली का?” तर नेमका शब्द कोणता, असे वाचक विचारतात.

वडिलांची शंका अगदी रास्त आहे. ‘फेरफार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नोंदवही येते. सातबाऱ्यावरचा फेरफार हा तर महसुलाचा रोजचा शब्द. नोंद बदलली असे त्यातून ऐकू येते. बेसबॉलमध्ये नोंदीला कोणी हातही लावत नाही. तिथला हिशेब दिवसागणिक आणि चोख असतो. बदलते ती फक्त नव्या मुलाला खालच्या संघातून वर, मुख्य संघात बोलावण्याची तारीख. म्हणून शब्द शोधण्याआधी हा हिशेब पाहू.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळाडू मुख्य संघाच्या यादीत जितके दिवस असतो, तितके दिवस त्याच्या खात्यावर जमा होतात. प्रत्यक्ष सामना खेळला की नाही हे बघत नाहीत. जखमींच्या यादीतले दिवसही धरतात. हंगाम साधारण १८५ दिवसांच्या आसपास चालतो आणि १७२ दिवस भरले की एक पूर्ण वर्ष. अशी ३ वर्षे झाली की पगाराचा वाद लवादाकडे नेता येतो, आणि ६ वर्षे झाली की खेळाडू करारमुक्त होतो, हव्या त्या संघाशी भाव ठरवू शकतो. तोवर तो पहिल्या संघाला बांधलेला. साहजिकच, पहिल्या हंगामात मुलगा काही दिवस उशिरा वर आला तर ते वर्ष पुरे होत नाही आणि संघाला तो जवळजवळ सात हंगाम मिळतो.

सगळ्यांच्या तोंडी असलेले उदाहरण क्रिस ब्रायंटचे. २०१५च्या वसंतातल्या सराव सामन्यांत शिकागो कब्ज संघाच्या या पोराने ९ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले, इतर कोणाहीपेक्षा जास्त. तरी हंगाम सुरू होताना त्याला खालच्या, आयोवाच्या संघात पाठवले. तिसऱ्या बेसवरचे क्षेत्ररक्षण अजून सुधारायला हवे, असे कारण दिले. १७ एप्रिलला त्याला वर बोलावले. हंगाम संपला तेव्हा त्याच्या खात्यावर दिवस होते १७१. एक दिवस कमी. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच २०१६ साली कब्जनी १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवले. खेळाडूंच्या संघटनेने तक्रार नेली. २०२०च्या सुरुवातीला लवादाने संघाच्या बाजूने निकाल दिला. २०२०च्या हंगामानंतर मोकळा होऊ शकला असता तो मुलगा २०२१नंतर मोकळा झाला.

इथे लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्याला फार सहज कळण्यासारखी आहे. हा काळ ‘५.१७१’ असा लिहितात. हा दशांश नव्हे. पाच वर्षे आणि एकशे एकाहत्तर दिवस. क्रिकेटमध्ये १९.५ षटके म्हणजे साडेएकोणीस नव्हेत आणि पुढच्या चेंडूला २० होतात, तसेच ५.१७१च्या पुढच्या दिवशी ६.००० होतात. वडिलांना हे षटकांच्या भाषेत सांगा, एका वाक्यात समजेल.

आता नामाकडे. ‘सेवाज्येष्ठता’ चालणार नाही. ज्येष्ठता दुसऱ्याच्या तुलनेत असते, यादीत कोण वर आणि कोण खाली. इथे प्रत्येकाचा हिशेब ज्याचा त्याचा. निवृत्तिवेतनाच्या नियमांतला ‘अर्हताकारी सेवा’ हा शब्द अर्थाने सर्वांत जवळ जातो, कारण हक्क मिळवून देणारी, मोजणीत धरली जाणारी सेवा असाच त्याचा भाव आहे. पण बोलताना तो जिभेला जड पडतो. मी साधा ‘सेवाकाल’ घेईन. ‘सेवाकाळ’ही चूक नाही, कार्यालयीन कागदांत ‘काल’ रुळलेला आहे, एवढेच.

खरा प्रश्न क्रियापदाचा आहे, आणि ते आपल्याकडे पूर्वीपासून आहे: दिवस भरणे.

माझे काका एका कारखान्यात हंगामी कामाला होते. कारखान्याचे नाव नको. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. रोज संध्याकाळी हातपाय धुतले की पेन्सिलीने एक उभी रेघ, चार रेघांवर पाचवी आडवी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची एक वर्षाची सलग सेवा धरली होती, आणि हा आकडा कारखान्यात प्रत्येकाला पाठ होता. रेघा दोनशेच्या पुढे गेल्या की मुकादम सांगायचा, “थोडे दिवस घरी थांब, बोलावतो.” काकू विचारायची, “या वेळी किती?” काका डायरी पुढे करायचे आणि म्हणायचे, “दिवस भरू देत नाहीत.”

‘दिवस भरू न देणे’. आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते हेच. यात नोंद खोटी नाही, नियमही मोडलेला नाही. पण दिवस कोणी तरी जाणूनबुजून अडवले आहेत, हे ‘न देणे’मधून स्वच्छ कळते. इंग्रजी शब्दातला आरोप याच्यात आहे, आणि तो नेमका जिथे करायचा तिथेच होतो.

मात्र जपून वापरावे. बाईचे दिवस भरतात तेव्हा अर्थ बाळंतपणाचा, आणि ‘तुझे दिवस भरलेत’ ही तर सरळ धमकी. म्हणून बेसबॉलविषयी बोलताना ‘वर्षाचे दिवस’ किंवा ‘सेवेचे दिवस’ म्हणावे, घोटाळा राहत नाही.

‘ब्रेक देणे’ किंवा ‘सेवाखंड’ का नाही, असे कोणी विचारेल. खंड पडायला आधी सेवा सुरू असावी लागते. काकांना ब्रेक दिला जायचा. ब्रायंटची तर सुरुवातच पुढे ढकलली. वर आणलेल्या पोराला मधूनच खाली धाडले तर ‘खंड’ शोभेल. आणि ‘खाडा’ मुळीच नको. खाडा कामगार स्वतः करतो. इथे पोरगा बॅट घेऊन तयार उभा होता.

तुम्ही सिअ‍ॅटलचे, तेव्हा केव्हिन मॅथर प्रकरण तुम्हाला ठाऊक असेलच. फेब्रुवारी २०२१मध्ये मरिनर्स या तुमच्या शहरातल्या संघाच्या या अध्यक्षाने एका रोटरी क्लबपुढे बोलताना हा हिशेब उघडपणे मांडला, ती चित्रफीत बाहेर आली आणि त्याला पद सोडावे लागले. पुढे लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२च्या करारात दोन सुधारणा झाल्या. गुणी नवोदिताला सुरुवातीपासून वर ठेवले आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला, तर संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत एक जादा संधी. याचा पहिला लाभ हुलिओ रॉड्रिग्जमुळे मरिनर्सनाच झाला. दुसरी सुधारणा शब्दांच्या दृष्टीने मला जास्त आवडते. आपापल्या लीगच्या (मेजर लीगमध्ये अशा दोन आहेत) सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला, दिवस कमी असले तरी, पूर्ण वर्ष बहाल होते. २०२२मध्ये २१ मेला आलेल्या अ‍ॅडली रचमनला ते मिळाले. २०२४मध्ये पिट्सबर्गने पॉल स्कीन्सला ११ मेला वर आणले, तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि त्याच्या खात्यावर १.००० लागले.

अशा प्रत्यक्ष न भरलेल्या, पण भरले असे धरलेल्या वर्षासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: ‘मानीव’. पदोन्नतीचा ‘मानीव दिनांक’ तुमच्या वडिलांनी कित्येक आदेशांत वाचला असेल. तर स्कीन्सचे ते ‘मानीव वर्ष’.

राहिला ‘प्रमोशन’. त्याला ‘पदोन्नती’ नको, पद तेच राहते. ‘वर बोलावणे’ आणि ‘खाली पाठवणे’ पुरेसे आहे. तेव्हा पुढच्या फोनला असे सांगून पाहा: “बाबा, ब्रायंटला बारा दिवस उशिरा वर बोलावलं आणि एका दिवसासाठी त्याचं वर्ष भरू दिलं नाही.”