कूलर सव्वातीनशे डॉलरचा की साठ डॉलरचा?

आपण विचारले आहे की, कर-परताव्यातून बाजूला काढलेल्या ३२५ डॉलरमध्ये येटी कंपनीचा टंड्रा ४५ हा हार्ड कूलर, म्हणजे खाणे-पिणे बर्फात थंड ठेवण्याची कडक कवचाची पेटी, घ्यावा, की कोलमन अथवा इग्लूचा साठ डॉलरच्या आसपासचा साधा कूलर घेऊन भागवावे. न्यू जर्सीत राहणारे आपले चौघांचे कुटुंब उन्हाळ्यात तीनदा, प्रत्येक वेळी दोन रात्रींसाठी, स्टोक्स किंवा हाय पॉइंट या तिथल्या वनउद्यानांच्या परिसरात तंबू ठोकते, आणि मंडळाच्या सहलींना पेये व श्रीखंड नेण्याची जबाबदारीही बहुधा आपल्याकडेच येते. त्याच पत्रात आपण मोकळेपणाने कळवले आहे की क्रेडिट कार्डावर १,९०० डॉलर थकलेले असून त्यावर वर्षाला २४ टक्के व्याज पडते. हे वाक्य आपण पत्राच्या शेवटी लिहिले असले तरी माझ्या हिशेबाची सुरुवात तिथूनच होते. साठ डॉलरचा कूलर घ्यावा आणि उरलेले २६५ डॉलर त्याच दिवशी कार्डावर भरावेत, असा माझा सल्ला आहे.

महाग कूलरचे पैसे कशाचे पडतात, हे आधी पाहू. त्याचे कवच फिरत्या साच्यात एकसंध घडवलेले असते, भिंतीत आणि झाकणात पॉलियुरेथेन फोमचा जाड थर असतो, आणि झाकणाला फ्रिजसारखी रबरी पट्टी असते. थर दुप्पट जाड झाला की भिंतीतून आत शिरणारी उष्णता साधारण निम्मी होते, त्यामुळे बर्फ अधिक काळ टिकतो हा दावा खराच आहे. प्रश्न एवढाच की, दोन रात्रींच्या मुक्कामाला त्या जास्तीच्या टिकाऊपणाची किंमत किती? साध्या कूलरला दर फेरीत बर्फाच्या दोन पिशव्या जास्त लागतील असे धरू, आणि दहा पौंडांची एक पिशवी चार डॉलरला पडते असेही धरू. तीन फेऱ्यांचे मिळून वर्षाला २४ डॉलर झाले. केवळ बर्फाच्या बचतीतून २६५ डॉलरचा फरक भरून निघायला अकरा वर्षे लागतील. उलट, तेच २६५ डॉलर कार्डावर भरले तर वर्षभरात सुमारे ६४ डॉलरचे व्याज वाचते. म्हणजे जास्तीच्या बर्फाचा खर्च भागून वर चाळीस डॉलर उरतात. कार्डावर थकबाकी आहे तोपर्यंत महाग कूलर आपली किंमत कधीच वसूल करू शकणार नाही.

बर्फ नेमका कुठे खर्च होतो, याकडे मात्र आपण बारकाईने लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण खरी बचत तिथे आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. सोड्याच्या २४ डब्यांचा खोका ३० अंश सेल्सियसला गॅरेजमधून उचलून थेट कूलरमध्ये ठेवला, तर ती पेये चार अंशांपर्यंत आणण्यातच पावणेतीन किलोच्या आसपास बर्फ संपतो, म्हणजे दहा पौंडांच्या पिशवीतला निम्म्याहून अधिक. आणि हा खर्च कूलर साठचा असो वा सव्वातीनशेचा, सारखाच होतो. म्हणून पेये आदल्या रात्री फ्रिजमध्ये थंड करावीत, कूलरही रात्रभर घरात थंड जागी ठेवावा, आणि दुधाच्या रिकाम्या गॅलन-बाटल्यांत वर थोडी जागा सोडून पाणी भरून ते गोठवावे. असा मोठा बर्फ बारीक खड्यांपेक्षा सावकाश वितळतो आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पेयांसाठी घरातला जुना, छोटा कूलर वेगळा ठेवावा. मुले दर दहा मिनिटांनी ज्याचे झाकण उघडतात, त्यात दही, पनीर आणि चिकन ठेवू नये.

दुकानात निवड करताना झाकण जरूर तपासावे. स्वस्त कूलरच्या अनेक नमुन्यांत झाकण आतून पोकळ असते, आणि साठ डॉलरच्या दोन कूलरमधला खरा फरक बहुधा तिथेच असतो. झाकणातही फोम असल्याचे ज्यावर स्पष्ट लिहिले आहे तोच घ्यावा. आकार ५० ते ६० क्वार्ट, म्हणजे ४७ ते ५७ लिटर, पुरेसा आहे. टंड्राच्या नावातला ४५ हा आकडा क्वार्ट दर्शवत नाही. त्यात सुमारे ३५ लिटरच मावते आणि रिकामा असतानाच त्याचे वजन दहा किलोच्या घरात जाते.

वाचलेल्या पैशांतले पाच-सात डॉलर फ्रिजच्या थर्मामीटरवर खर्च करावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेनुसार नाशवंत अन्न ४० अंश फॅरनहाइटच्या वर दोन तासांहून अधिक राहू नये, आणि हवा ९० अंशांच्या पुढे गेली तर एक तासाहून अधिक नाही. आत बर्फ दिसतो म्हणून वरच्या थरातले श्रीखंडही थंड असेलच असे नाही.

अस्वलांची भीती हे महाग कूलर घेण्याचे एक कारण म्हणून आपण दिले आहे. स्टोक्स आणि हाय पॉइंट हा काळ्या अस्वलांचा मुलूख आहे, त्यामुळे ही काळजी योग्यच आहे. परंतु अस्वलरोधक म्हणून प्रमाणित झालेला कूलरही कुलपे लावली तरच त्या प्रमाणपत्राला पात्र ठरतो, आणि अन्नाचा वास तो पूर्णपणे रोखत नाही. रात्री कूलर गाडीच्या डिकीत बंद करून ठेवावा. त्यासाठी वेगळा खर्च नाही.

पुढे कार्ड पूर्ण फिटले, आणि जिथे जवळपास बर्फ मिळत नाही अशा ठिकाणी चार-पाच रात्रींचे मुक्काम होऊ लागले, तर जाड भिंतीच्या कूलरचा विचार जरूर करावा. तेव्हाही थेट ३२५ डॉलरवर उडी घेण्याआधी लाइफटाइम या कंपनीचा ५५ क्वार्टचा कूलर पाहावा, जो शंभर ते दीडशे डॉलरच्या दरम्यान मिळतो. खरेदी सप्टेंबरमधल्या लेबर डेपर्यंत लांबवता आली तर अधिक चांगले, कारण उन्हाळी सामानाचे भाव त्या सुमारास उतरू लागतात.

मंडळाच्या सहलींचा भार मात्र आपल्या घरखर्चावर पडू नये. शंभर माणसांच्या पेयांना आपला एक कूलर, कितीही महाग घेतला तरी, पुरणार नाही. मंडळाने स्वतःच्या निधीतून ७० क्वार्टचे दोन साधे कूलर घ्यावेत, त्यांची नोंद जमाखर्चात करावी आणि ते मंडळाच्या इतर सामानासोबत ठेवावेत, असा प्रस्ताव आपण पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मांडावा. बर्फाच्या पावत्याही त्याच खात्यात जमा कराव्यात.