त्या पानाशी आवाज अडतो

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. रॉबर्ट मन्श यांचं 'लव्ह यू फॉरएव्हर' हे चित्रपुस्तक तिला रोज रात्री लागतं. आई बाळाला कुशीत घेऊन गाणं म्हणते, मुलगा मोठा होत जातो आणि शेवटी तोच म्हाताऱ्या आईला जवळ घेऊन गातो. तिथे माझा आवाज हमखास अडतो आणि लेक बावरून माझ्याकडे बघत राहते. ते पान गाळू का? जाऊबाईंना तर, मोठ्या झालेल्या मुलाच्या खिडकीतून शिरणारी आईच पटत नाही.

उत्तर : गाळू नका. गाळलंत तर लगेच पकडल्या जाल. या वयात पुस्तक पाठ असतं.

आवाज अडतो याची लाज नको. खुद्द मन्श यांना ते गाणं कितीतरी दिवस मोठ्यानं म्हणता येत नसे, रडू यायचं. त्यांची दोन बाळं मृतच जन्मली होती. गाणं त्या बाळांसाठी मनात जुळलं, गोष्ट त्याभोवती नंतर आली. नेहमीच्या प्रकाशकाला हे मुलांचं पुस्तक वाटेना, म्हणून 1986 मध्ये ते दुसरीकडून निघालं. पुढे लक्षात आलं, की ॲरिझोनातल्या निवृत्तांच्या वसाहतींत ते भराभर खपतंय. मोठी माणसं ते मोठ्यांसाठीच घेत होती! तेव्हा तुम्ही वाचता ते पुस्तक वेगळं, लेक ऐकते ते वेगळं.

वाचनालयात गोष्टींचा तास घ्यायचे तेव्हा पोरं कुठे हसतात ते पाहिलंय. दोन वर्षांचा तो बहाद्दर आईचं घड्याळ कमोडमध्ये टाकून फ्लश करतो, तिथे. आई शिडी घेऊन निघते त्या पानावर एकानं फक्त विचारलं, "शिडी गाडीवर बांधली कशी?" मला स्वतःला तो प्रसंग जरा ताणलेलाच वाटतो, पण थापा मुलांना आपल्याआधी कळतात, असं जाऊबाईंना सांगा.

आता तुमचं पान. नीट पाहा, म्हातारी आई गाणं सुरू करते, पण आजारपणामुळे तिला ते पुरं करता येत नाही. म्हणजे आवाज तिचाही अडतोच. तुमचा अडला की तिथेच थांबा, लेकीला पुढचं म्हणू दे. तिनं "का रडतेस?" विचारलं तर "डोळ्यात काही गेलं" नको. कोण आठवलं ते सांगा.

त्यानंतर मुलगा घरी येऊन जिन्याच्या वरच्या टोकाशी बराच वेळ उभा राहतो. तिथे मी पान लगेच उलटत नसे. मग तो आपल्या तान्ह्या मुलीला उचलून घेतो, आणि पोरं लगेच विचारतात, "हिचं नाव काय?" पुस्तकात ते दिलेलं नाही. एखादं ठरवून ठेवा.