ब्रिटिश लाइट म्युझिक: क्लासिकल की लॉबीतलं संगीत?

तुम्ही विचारलंय की ब्रिटिश लाइट म्युझिक, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या छोट्या हलक्याफुलक्या रचना, हे पाश्चात्य क्लासिकल समजायचं की हॉटेलच्या लॉबीत वाजतं त्यातलं, आणि ऐकायला कुठून सुरुवात करायची. दोन्ही नाही हो. मीही बरीच वर्षं 'पाणी घातलेलं क्लासिकल' म्हणून नाक मुरडलंय, त्यामुळे राग नाही.

हे संगीत बहरलं ते रेडिओवर. लाइट प्रोग्राम हे बीबीसीचं रेडिओ स्टेशन १९४५ ला सुरू झालं (आपली विविधभारती डोळ्यापुढे आणा, साधारण तसं), आणि रेकॉर्ड किती वेळ वाजवायच्या यावर तेव्हा मर्यादा होती, नीडल टाइम म्हणायचे त्याला, मग उरलेला वेळ भरायला खरेखुरे ऑर्केस्ट्रा स्टुडिओत बसून वाजवायचे. त्यात ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीनेक मिनिटांची, म्हणजे सुरुवात, चाल, मधला तुकडा, परत चाल आणि जाता जाता एक कोपरखळी, सगळं तेवढ्यात उरकायचं. हे सोपं वाटतं, सोपं नाहीये.

सुरुवात मॅन्टोवानी या ऑर्केस्ट्रावाल्याच्या १९५१ च्या 'शार्मेन'पासून करा, गोडमिट्ट वाटेल पण हेडफोन लावून फक्त व्हायोलिनकडे लक्ष द्या. व्हायोलिनवाल्यांचे गट पाडलेत, पहिला गट चालीतला एक सूर धरून ठेवतो, पुढचा सूर दुसरा गट घेतो, मग तिसरा, आणि आधीचे अजून सोडायला तयार नाहीत, त्यामुळे सूर एकमेकांवर सांडत जातात आणि मोठ्या चर्चमध्ये घुमल्यासारखं वाटतं. ते घुमणं नोटेशनमध्येच लिहून ठेवलंय! ही करामत अरेंजर (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारा) रोनाल्ड बिंजची, नाव झालं मॅन्टोवानीचं, चालायचंच.

बिंजचंच १९६३ चं 'सेलिंग बाय' नंतर ऐका. रात्री उशिरा बीबीसी रेडिओ ४ वर जहाजांसाठी हवामानाचा अंदाज सांगतात त्याच्या आधी हे लावतात, खलाशांना स्टेशन सापडावं म्हणून, आणि आधीचा कार्यक्रम जिथे संपेल त्याप्रमाणे कमीजास्त वाजतं. एवढ्या कामाच्या गोष्टीसाठी एवढं सुंदर वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या ठेक्यातलं नाचाचं संगीत).

संगीतकार एरिक कोट्सची मार्च, म्हणजे कवायतीच्या ठेक्यातल्या रचना, प्रसिद्ध आहेत, ती आपोआप कानावर पडतील. मला विचाराल तर रॉबर्ट फार्नन जास्त हुशार, कॅनडाचा माणूस, दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याच्या बँडबरोबर आला आणि इंग्लंडचाच झाला. त्याचं 'जम्पिंग बीन' ऐकताना चाल या वाद्यावरून त्या वाद्यावर कशी उडी मारते बघा, आणि खाली कॉर्ड्स (एकदम वाजणारे सूर) जॅझचे आहेत हे दुसऱ्यांदा ऐकल्यावर लक्षात येतं.

पुढे साठच्या दशकात पॉप आलं, १९६७ ला लाइट प्रोग्राम बंद झाला आणि ढीगभर नोटेशन नकोसं झालं. अर्नेस्ट टॉमलिन्सन नावाच्या संगीतकाराने जमेल तेवढं गोळा करून लँकशायरमधल्या आपल्या घराशेजारच्या कोठारात रचून ठेवलं, त्यातूनच पुढे कित्येक रचना परत वाजल्या. त्याच्या स्वतःच्या इंग्लिश लोकनृत्यांच्या चालींवरच्या रचना पण छान आहेत, फार्नन पचला की तिकडे वळा.