पोलीस सेवेचा विचार करणाऱ्या स्वमग्न (ऑटिस्टिक) तरुणास

तुम्ही ठाणे किंवा नवी मुंबई आयुक्तालयाच्या शिपाई भरतीचा विचार करत आहात, तर 1600 मीटर धावणे आणि गोळाफेक यांची चिंता तूर्त बाजूला ठेवा. ते सरावाने साधते. खरी कसोटी बंदोबस्ताची असते. ठाण्यातील दहीहंडीच्या दिवशी ढोल, ध्वनिवर्धक आणि रेटारेटी यांत तासन्‌तास उभे राहून, ऐनवेळी बदललेला आदेश लगेच अमलात आणणे आपल्याला झेपेल का, हे भरतीपूर्वीच एखाद्या गर्दीच्या दिवशी तिथे थांबून पाहा.

दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 34 नुसार शासकीय पदांतील 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का स्वमग्नतेसह काही गटांसाठी मिळून आहे. परंतु शासन काही आस्थापनांना त्यातून सूट देऊ शकते. म्हणून गणवेशातील पदांसाठी हा लाभ गृहीत न धरता प्रत्येक जाहिरातीतील दिव्यांगविषयक परिच्छेद शब्दशः वाचा. स्वमग्नतेचे निदान लपवून अर्ज करण्याचा सल्ला मात्र मी कोणालाही देणार नाही.

माझ्या मते आयुक्तालयातील लिपिकवर्गीय पदे, तसेच मुंबईत कालिना येथील न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेसारखी ठिकाणे अधिक अनुकूल ठरू शकतात, कारण तेथे नोंदींतील विसंगती चिकाटीने शोधणाऱ्याची किंमत असते (गणवेशाची हौस असलेल्यांना हे पटत नाही, याची मला कल्पना आहे). आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठीचा अर्ज जाहिरातीची वाट न पाहता आताच करा.